लाइट रेलचा विस्तार कसा आखावा: नकाशावर रेघ ओढण्याआधीची आणि नंतरची कामे

लाइट रेलच्या विस्ताराची आखणी बहुतेक वेळा पहिल्याच बैठकीत चुकते. टेबलावर नकाशा पसरला जातो, शेवटच्या थांब्यापासून पुढे कुणीतरी एक रेघ ओढते आणि तिथून पुढे सगळे काम त्या रेघेच्या समर्थनाचे होऊन बसते. प्रवाशांचा अंदाज तिला साजेसा निघतो, खर्च तिच्यात बसवला जातो, घोषणाही होऊन जाते. मग रस्ता खोदल्यावर कळते की खाली मोठी जलवाहिनी आहे. गाड्या आल्यावर कळते की डेपोत त्या उभ्या करायला जागा नाही. मार्ग सुरू झाल्यावर कळते की शहराच्या मध्यभागातल्या रुळांवर या जादा गाड्या मावतच नाहीत.

यातली प्रत्येक गोष्ट आधी कळण्यासारखी होती, फक्त ती विचारायची वेळ उशिरा आली. खाली दिलेला क्रम आखणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना आणि सल्लागारांना उपयोगी पडावा. आपल्या भागातून जाणाऱ्या मार्गाचा अहवाल हातात घेऊन नेमके प्रश्न विचारू पाहणाऱ्या नागरिकांसाठीही तो तितकाच आहे. इथे लाइट रेल म्हणजे मुख्यतः रस्त्याच्या पातळीवरून, वरच्या तारेतून वीज घेऊन धावणारी गाडी असे धरले आहे. शहरात एक-दोन मार्ग आधीपासून चालू आहेत हेही गृहीत धरले आहे.

## टप्पा १: प्रश्न एका वाक्यात लिहा

कागदावर एकच वाक्य लिहा: कोणत्या लोकांना, कोणत्या वेळी, कुठून कुठे जायला आज किती वेळ लागतो आणि तो किती व्हायला हवा. या वाक्यात ‘मार्ग’, ‘रेल’, ‘किलोमीटर’ हे शब्द येऊ देऊ नका. ‘पूर्वेकडच्या वस्तीतून मोठ्या रुग्णालयात जायला सकाळी सत्तर मिनिटे लागतात, ती चाळीसवर आणायची’ हा प्रश्न झाला. ‘जाळे पूर्वेकडे नेणे’ हे आधीच ठरवून टाकलेले उत्तर आहे.

वाक्य लिहून झाले की रूळ न टाकता काय होऊ शकते ते आधी पाहा. चौकांवर गाडीला सिग्नलचे प्राधान्य देणे, गाड्या लांब करणे, गर्दीच्या वेळी फेऱ्या वाढवणे, बससाठी स्वतंत्र पट्टा आखून ती थांब्याशी नीट जोडणे, या चार पर्यायांचा हिशेब अहवालात खरोखर आकड्यांनिशी हवा. केवळ फेटाळण्यापुरता एक परिच्छेद लिहिला असेल तर जाणकार वाचकाला ते लगेच दिसते आणि पुढच्या सगळ्या आकड्यांवरचा त्याचा विश्वास उडतो.

तपासा: तुमचे वाक्य वाचून, शहर न पाहिलेल्या माणसाला यश कसे मोजायचे ते कळते का? कळत नसेल तर टप्पा २ कडे जाऊ नका.

## टप्पा २: आहे त्या जाळ्याची ताकद मोजा

हा टप्पा सर्वांत जास्त टाळला जातो, म्हणून इथे जरा थांबतो. नवा मार्ग हवेत लटकत नाही, तो जुन्या मार्गाला टेकतो. जुन्या मार्गात कुठे जागा उरली आहे आणि कुठे नाही, हे पाच ठिकाणी मोजा.

मध्यभागातले सामाईक रूळ. समजा तीन मार्ग शहराच्या मध्यभागी एकाच रस्त्यावरून जातात आणि प्रत्येकावर दर ६ मिनिटांनी गाडी आहे. म्हणजे त्या रस्त्यावर एका दिशेने तासाला ३० गाड्या, दर २ मिनिटांनी एक. तिथल्या चौकातला सिग्नल १२० सेकंदांच्या चक्रावर चालत असेल तर तासात ३० चक्रे होतात. प्रत्येक चक्रात एक गाडी सुटलीच पाहिजे. एका फलाटावर एखादी व्हीलचेअर चढायला अर्धे मिनिट जास्त लागले की चक्र हुकते आणि मागच्या गाड्या एकीमागे एक अडकून उभ्या राहतात. कागदावर ३० बसतात, पण रोजच्या व्यवहारात तासाला २०-२४ च्या पुढचे वेळापत्रक मी तरी मान्य करणार नाही. चौथा मार्ग याच रस्त्यावर आणायचा असेल तर खरा प्रकल्प उपनगरात नाही, इथे मध्यभागात आहे.

मँचेस्टरने मेट्रोलिंक या आपल्या लाइट रेलचे मार्ग चहूकडे वाढवले तेव्हा शहराच्या मध्यातून जायला सगळ्यांना एकच वाट होती. शेवटी मध्यभागातून दुसरी वाट बांधावी लागली आणि ती २०१७ मध्ये पूर्ण सुरू झाली. हा खर्च विस्ताराचाच भाग आहे असे पहिल्या दिवशी मांडलेले बरे.

फलाटांची आणि चौकांची लांबी. गाडी लांब करू असे सहज म्हटले जाते. पण पोर्टलंड शहराच्या मध्यभागी दोन रस्त्यांमधले अंतर सुमारे ६० मीटर आहे. त्यापेक्षा लांब गाडी उभी राहिली तर मागचा आडवा रस्ता बंद होतो, म्हणून तिथल्या गाड्या दोन डब्यांपुरत्याच राहिल्या. कॅल्गरीने फलाट वाढवत नेले आणि २०१५ पासून चार डब्यांच्या गाड्या चालवल्या. बर्गनमध्ये ३२ मीटरच्या गाड्यांना नंतर भाग जोडून त्या ४२ मीटरच्या केल्या. तुमच्या जाळ्यातला सर्वांत आखूड फलाट आणि सर्वांत जवळचे दोन चौक यांची मापे टेप लावून घ्या. गाडीची कमाल लांबी तीच ठरवतात.

वीज. ७५० व्होल्टच्या व्यवस्थेत साधारण दीड ते दोन किलोमीटरवर एक उपकेंद्र लागते. नव्या मार्गासाठी नवी उपकेंद्रे सगळे मोजतात. पण जादा गाड्या जुन्या भागातही धावणार असतात. गर्दीच्या वेळी एकाच टापूत चार गाड्या एकदम सुटल्या तर व्होल्टेज किती उतरते आणि एक उपकेंद्र बंद पडले तर काय होते, या दोन्हीची गणिते जुन्या भागासाठीही करून घ्या.

डेपो. रात्री किती गाड्या उभ्या राहू शकतात, कार्यशाळेत एका वेळी किती घेता येतात, आणि डेपोतून बाहेर पडणारा रूळ एकच आहे का? एकच असेल तर पहाटे पाऊण तासात किती गाड्या बाहेर काढता येतील हाच तुमच्या सकाळच्या सेवेचा कमाल आकडा.

माणसे. चालक, नियंत्रण कक्ष, देखभालीचे तंत्रज्ञ. तयार माणूस बाजारात मिळत नाही, त्याला इथेच शिकवावे लागते आणि त्याला वेळ लागतो.

सावधान: गाडीची क्षमता उत्पादकाच्या पत्रकातून उचलू नका. तो आकडा अनेकदा उभ्या प्रवाशांची चेंगराचेंगरी गृहीत धरून काढलेला असतो. एका चौरस मीटरमध्ये चार उभे प्रवासी धरून हिशेब करा. आकडा लहान येईल, पण तो रोज पाळता येईल.

## टप्पा ३: वेळापत्रक आधी, रूळ नंतर

आता नव्या मार्गासकट पूर्ण वेळापत्रक लिहा, मार्ग अजून ठरला नसला तरी. स्विस रेल्वेची आखणी याच क्रमाने चालते: कोणत्या स्थानकावर किती वाजता गाड्या भेटल्या पाहिजेत हे ठरते, मग त्यासाठी कुठे काय बांधायचे ते ठरते.

एक उदाहरण सोडवून पाहू. आजचा मार्ग १० किलोमीटर आहे, थांबे धरून सरासरी वेग ताशी २० किलोमीटर. एका दिशेला ३० मिनिटे, दोन्ही दिशांना ६०, दोन्ही टोकांना मिळून १२ मिनिटांचा थांबा. एक पूर्ण फेरी ७२ मिनिटांची. दर ६ मिनिटांनी गाडी हवी, तर ७२ भागिले ६ म्हणजे १२ गाड्या रस्त्यावर. दुरुस्ती-देखभालीसाठी १५ टक्के राखीव धरले की एकूण १४.

आता ४ किलोमीटर वाढवा. त्याच वेगाने जायला १२ आणि यायला १२ मिनिटे. फेरी ९६ मिनिटांची, रस्त्यावर १६ गाड्या, राखीव धरून १९. म्हणजे ४ किलोमीटरच्या रुळांसोबत ५ गाड्या, त्यांना डेपोत जागा आणि चालकांच्या पाळ्या आल्या. नव्या भागात चौकांवर प्राधान्य मिळाले नाही आणि वेग ताशी १६ वर आला, तर फेरी १०२ मिनिटांची होते. १७ गाड्या रस्त्यावर, राखीव धरून २०. सिग्नलवरच्या काही सेकंदांची किंमत एक पूर्ण गाडी. हे गणित वाहतूक पोलिसांसमोर आणि रस्ते विभागासमोर मांडा. प्राधान्याची चर्चा मग तत्त्वांवर रेंगाळत नाही.

फाटा फोडणार असाल तर आणखी एक गोष्ट. मुख्य मार्गावर दर ६ मिनिटांनी गाडी असेल आणि शेवटी त्याला दोन फाटे फुटले, तर प्रत्येक फाट्यावर गाडी १२ मिनिटांनी येते. फाटा फुटतो त्या जागेपलीकडच्या जुन्या भागात राहणाऱ्यांना आज ६ मिनिटांनी गाडी मिळत असेल तर त्यांची सेवा तुमच्या विस्तारामुळे अर्ध्यावर येते. हे त्यांना आखणी चालू असताना सांगा. उद्घाटनाच्या दिवशी फलकावर वाचायला लावू नका.

तपासा: वेळापत्रकात एका टोकाला ५ मिनिटे उशीर टाकून बघा. तो उशीर दुसऱ्या टोकापर्यंत जिरतो की दिवसभर फिरत राहतो? फिरत राहत असेल तर टोकांवरचा थांबा वाढवा आणि गाड्यांचा हिशेब पुन्हा करा.

## टप्पा ४: आता मार्ग आखा, पण पायांनी

निदान तीन मार्ग शेवटपर्यंत जिवंत ठेवा. एक खरा आणि दोन नावापुरते, असे केले तर पुढे जमीन किंवा वाहिनी आडवी आली की हातात काहीच उरत नाही.

मोहात पाडणाऱ्या दोन वाटा असतात. एक जुन्या, वापरात नसलेल्या रेल्वेच्या पट्ट्याची आणि दुसरी मोठ्या महामार्गाच्या दुभाजकाची. जागा तयार असते, भूसंपादन कमी, खोदाई सोपी. पण रेल्वेचा पट्टा पुष्कळदा वस्तीच्या पाठीमागून जातो आणि महामार्गाच्या मध्ये उतरलेल्या प्रवाशाला दोन्ही बाजूंनी वाहनांचे पूर ओलांडावे लागतात. बांधकामात वाचलेला पैसा मग रिकाम्या जागा घेऊन फिरणाऱ्या गाड्यांत जातो, आणि तो दरवर्षी जातो. हे पट्टे वर्ज्य मुळीच नाहीत, पण थांब्यापासून घराच्या दारापर्यंतची वाट तपासल्याशिवाय ते निवडू नका.

ती वाट तपासायची पद्धत साधी आहे. नकाशावर ५०० मीटरचे वर्तुळ काढून आतली घरे मोजली जातात, ते सोडून द्या. प्रत्येक प्रस्तावित थांब्यापासून चारही दिशांना चालत निघा आणि सात मिनिटांत कुठवर पोचता तिथे खूण करा. भिंती, नाले, बंद वसाहती आणि न ओलांडता येणारे रस्ते वर्तुळाचे लचके तोडतात. कधी वर्तुळातली निम्मी घरे गळतात. एखाद्या भिंतीत फाटक पाडल्याने परत मिळतात तेव्हा ते फाटक प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात घाला.

थांब्यांमधले अंतर दाट वस्तीत ४०० ते ६०० मीटर, बाहेरच्या भागात ८०० ते १००० मीटर ठेवा. प्रत्येक थांबा वेग कमी करणे, उभे राहणे आणि पुन्हा वेग घेणे मिळून पाऊण ते एक मिनिट खातो. सुनावणीत वाढवून मागितलेले चार थांबे तुम्ही दिलेत तर टप्पा ३ चे वेळापत्रक बदलले. लगेच जाऊन बदला.

रुंदीचा अंदाज असा: दोन रुळांना साधारण सात मीटर, थांब्याच्या जागी दोन्ही बाजूंचे फलाट मिळून आणखी सहाएक मीटर. रस्ता इतका रुंद नसेल तर काही भागात वाहनांना मज्जाव करावा लागेल. गाडी आणि मोटारी एकाच पट्ट्यात मिसळण्याचा तोडगा सर्वांत शेवटी. तिथे एक चुकीची उभी केलेली मोटार अख्खा मार्ग अडवते, कारण रुळावरची गाडी वळसा घेऊ शकत नाही.

सावधान: लांब सरळ, वेगवान पट्टा आणि त्यानंतर लगेच तीव्र वळण अशी जोडी आखू नका. ९ नोव्हेंबर २०१६ रोजी लंडनमधल्या क्रॉयडन इथे ताशी २० किलोमीटरची मर्यादा असलेल्या वळणावर ट्राम सुमारे ७३ च्या वेगाने शिरली, उलटली आणि ७ जण मृत्युमुखी पडले. वळण टाळता येत नसेल तर आधीच्या पट्ट्यातच वेग पायरीपायरीने उतरवा, ठळक फलक लावा आणि गाडीचा वेग आपोआप रोखणारी यंत्रणा पहिल्याच अंदाजपत्रकात धरा.

## टप्पा ५: जमिनीखाली काय आहे ते शोधा

रस्त्यावरच्या लाइट रेलचे नशीब डांबराखाली लिहिलेले असते. पाणी, मैला, गॅस, वीज, दूरसंचार, पावसाळी गटारे. रुळांच्या थेट खाली यांपैकी काहीही शक्यतो ठेवत नाहीत. ठेवले तर प्रत्येक दुरुस्तीला गाड्या बंद कराव्या लागतात. म्हणून त्या हलवाव्या लागतात आणि प्रत्येकीचा मालक वेगळा असतो.

एडिनबराच्या ट्रामची गोष्ट या बाबतीत पूर्ण वाचण्यासारखी आहे. तिथे २००८ मध्ये आराखडा अपुरा असताना बांधकामाचे कंत्राट दिले गेले, वाहिन्या हलवण्याचे काम लांबले आणि वाद पेटले. आधी ठरलेला मार्ग कापून आखूड करावा लागला. तो ३१ मे २०१४ रोजी सुरू झाला तेव्हा खर्च ७७.६ कोटी पौंडांवर गेला होता. त्याच शहराने पुढचा न्यूहेवनपर्यंतचा तुकडा करताना पद्धत बदलली. रस्त्याचा एकेक भाग एकदाच बंद करायचा आणि वाहिन्या, पुरातत्त्वाची खोदाई, रूळ ही सगळी कामे त्याच बंदीत उरकायची. वाटेत जुन्या दफनभूमीतले सांगाडे निघाले, पण तशा शोधासाठी वेळ राखलेला होता. जून २०२३ मध्ये तो तुकडा सुरू झाला. पहिल्या वेळी पूर्ण मार्गासाठी घेतलेल्या २७ गाड्या जवळ होत्याच, त्यामुळे नव्या गाड्याही घ्याव्या लागल्या नाहीत.

सिडनीत मध्यभागातून आग्नेयेकडे जाणाऱ्या मार्गावर विजेच्या भुयारी चेंबरांचे काम नेमके किती आणि ते कुणी करायचे, यावरून वाद न्यायालयात गेला. २०१९ मध्ये तो ५७.६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतच्या तडजोडीने मिटला. सुरुवातीला १६० कोटी डॉलरच्या घरात सांगितलेला खर्च ३०० कोटींवर गेला.

यावरून कामाचा क्रम असा ठेवा:

१. प्रत्येक वाहिनीमालकाकडून नकाशे मागवा आणि ते चुकीचे आहेत असे धरून चाला. जुन्या नकाशांवर खोली क्वचितच असते.

२. पूर्ण मार्गावर भूवेधी रडार फिरवा. ओल्या चिकणमातीत ते नीट दिसत नाही हे लक्षात ठेवा.

३. शंकेच्या जागी हाताने चाचणी खड्डे खणा. चौक, थांबे, पुलांची टोके आणि जुन्या-नव्या रुळांच्या जोडणीची जागा यांना सूट नाही.

४. प्रत्येक वाहिनीचा निर्णय लेखी घ्या: हलवायची, संरक्षित करायची की सोडून द्यायची. खर्च कुणाचा, काम कुणाचे, तारीख कोणती. मालकाची सही झाल्याशिवाय तो निर्णय झाला असे धरू नका.

५. रुळांमधून परतणारा वीजप्रवाह जमिनीत झिरपून लोखंडी नळ गंजवतो. म्हणून रुळांभोवतीचे विद्युतरोधक आवरण आणि प्रवाह मोजण्याची ठिकाणे याच टप्प्यात ठरवा. रूळ काँक्रीटमध्ये गेल्यावर हे काम होत नाही.

तपासा: रस्ता खोदायला घेण्याआधी मुख्य वाहिनीमालकांपैकी किती जणांच्या सह्या आहेत? एकाही मोठ्या मालकाची सही बाकी असेल तर निविदा रोखून धरा. दबाव कितीही असो.

## टप्पा ६: जुने आणि नवे एकमेकांत बसते का

रूळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर आहे एवढ्यावर समाधान मानले जाते. तेवढ्याने भागत नाही. चाकाची आणि रुळाच्या खाचेची आकृती, गाडीची रुंदी, फलाटाची उंची, व्होल्टेज, सिग्नल आणि रेडिओ, गाड्या एकमेकींना जोडणारी कपलिंग, डेपोत गाडी खालून तपासायच्या खड्ड्यांची लांबी, सगळे जुळले पाहिजे. मँचेस्टरने जुन्या रेल्वेमार्गांचे उंच फलाट वारशाने घेतले, म्हणून पुढचा प्रत्येक नवा थांबाही उंचच बांधावा लागला. डब्लिनमध्ये २००४ साली दोन मार्ग सुरू झाले पण ते एकमेकांना जोडलेले नव्हते. गाडी एकावरून दुसऱ्यावर नेता येत नव्हती आणि प्रवाशाला मध्ये चालत जावे लागे. जोडणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली.

नवी गाडी घेत असाल तर ती जुन्या मार्गाच्या सर्वांत अवघड वळणावर आणि सर्वांत तीव्र चढावर चालते का, हे कंत्राटाची अट म्हणून लिहा. गाड्या मागवल्यापासून हाती येईपर्यंत दोन-तीन वर्षे सहज जातात. तहान लागल्यावर विहीर खणायला गेलात तर रूळ गंजत पडतील.

## टप्पा ७: प्रवासी आणि पैसा

बेंट फ्लिव्हब्यर्ग या डॅनिश अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगभरचे रेल्वे प्रकल्प तपासले. खर्च अंदाजापेक्षा सरासरी सुमारे ४५ टक्क्यांनी वाढलेला आढळला आणि प्रवासी अंदाजाच्या निम्मेच. अंदाज बांधणारे सगळे अडाणी होते असे नाही. प्रत्येकाला वाटत होते की आपला प्रकल्प वेगळा आहे.

तेव्हा आपला आकडा आतून बांधून झाला की बाहेरूनही तपासा. तुमच्यासारखे, पूर्ण झालेले प्रकल्प घ्या. त्यांचा घोषणेच्या वेळचा आणि शेवटचा खर्च समोरासमोर मांडा आणि तेवढी वाढ आपल्या आकड्यावर लावून पाहा. त्या आकड्यालाही प्रकल्प परवडत असेल तरच पुढे जा. प्रवाशांचा अंदाज देताना एकच आकडा देऊ नका. बस मार्ग बदलले नाहीत तर किती, मार्गालगतची नियोजित बांधकामे दहा वर्षे लांबली तर किती, मोटारीचे पार्किंग आजच्यासारखेच स्वस्त राहिले तर किती, असे वेगवेगळे द्या.

बांधकामाचा पैसा उभा राहतो, चालवण्याचा राहत नाही, हे दुखणे जुने आहे. टप्पा ३ मधून निघालेल्या गाड्या आणि पाळ्या यांचा वार्षिक खर्च काढा आणि तो कुठून येणार ते त्याच ठरावात लिहा. नॉटिंगहॅमने २०१२ पासून अकरा किंवा अधिक पार्किंगच्या जागा असलेल्या मालकांवर कामाच्या ठिकाणच्या पार्किंगसाठी शुल्क बसवले आणि तो पैसा ट्राम विस्ताराला लावला. फ्रान्समध्ये अकरा किंवा अधिक कर्मचारी असलेले मालक पगारावर वाहतुकीसाठीचा कर भरतात. तुमच्याकडे कायदा वेगळा असेल, पण दरवर्षी हमखास येणारा एक स्रोत नाव घेऊन सांगता आला पाहिजे.

## टप्पा ८: जमीन, परवानग्या, लोक

इथे थोडक्यात सांगतो, कारण नियम प्रत्येक देशाचे वेगळे. तीन गोष्टी मात्र सगळीकडे लागू आहेत. उपकेंद्रांच्या आणि डेपोच्या जमिनी मार्गाच्या जमिनींआधी ताब्यात घ्या, कारण त्यांना पर्यायी जागा सापडत नाही. दुकानदारांशी बोलायला नेमलेला माणूस पहिल्या दिवसापासून एकच असू द्या आणि रस्ता नेमका किती आठवडे बंद राहील, माल कुठून उतरवता येईल हे त्याने लेखी सांगावे. सुनावणीत दिलेले प्रत्येक आश्वासन एका यादीत नोंदवा आणि ती यादी निविदेला जोडा, नाहीतर कंत्राटदाराला ते आश्वासन ठाऊकच नसते.

## टप्पा ९: कंत्राट आणि कामाचा क्रम

आराखडा अर्धवट असताना ‘ठरलेल्या एका रकमेत सगळे करून द्या’ असे कंत्राट देऊ नका. जमिनीखालची जोखीम कंत्राटदारावर ढकलली तर तो एकतर ती रकमेत आधीच लावतो किंवा नंतर न्यायालयात वसूल करतो. वाहिन्यांचे काम वेगळे, मोजून पैसे देण्याच्या अटीवर काढा आणि ते बऱ्याच अंशी आटोपल्यावर रुळांचे काम सुरू करा. एकाच रस्त्यावर दोघांना एकाच वेळी घुसवू नका.

चालू मार्गाला नवे रूळ जोडण्यासाठी गाड्या बंद ठेवण्याचा काळ, म्हणजे बंदी, सर्वांत आधी ठरवा, कारण प्रवाशांना तीच थेट भोवते. सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे जोड), तार आणि सिग्नल तिन्ही एकाच बंदीत बसवता येतील अशी तयारी ठेवा आणि सांधे कारखान्यातच एकदा पूर्ण जोडून पाहिलेले असू द्या. बंदीच्या काळातल्या बदली बससाठी चालक आहेत का, हे बंदी जाहीर करण्याआधी विचारा.

सावधान: उशीर होऊ लागला की चाचणीचे आठवडे कापून तारीख गाठण्याचा मोह होतो. चाचणीचा काळ सुरुवातीलाच वेळापत्रकात वेगळा बांधा आणि तो कमी करण्याचा अधिकार प्रकल्पप्रमुखाकडे ठेवू नका.

## टप्पा १०: चाचणी आणि सुरुवात

ओटावाची कॉन्फेडरेशन लाइन ही लाइट रेल सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झाली. पुढे वारंवार बिघाड झाले आणि २०२१ मध्ये दोनदा गाडी रुळांवरून घसरली. नोव्हेंबर २०२२ मध्ये आलेल्या सार्वजनिक चौकशीच्या अहवालात नोंद आहे की चाचणीच्या दिवसांत उत्तीर्ण होण्याचे निकषच खाली आणले गेले होते. म्हणून निकष चाचणीच्या कितीतरी आधी लिहून, सही करून, लोकांसमोर ठेवा. किती दिवस सलग, किती टक्के फेऱ्या वेळेवर, किती बिघाड चालतील. नापास झाल्यास मोजणी पहिल्या दिवसापासून पुन्हा सुरू होईल, हेही त्यातच लिहा.

चाचणी केवळ नव्या तुकड्याची करू नका. संपूर्ण जाळ्यावर नवे वेळापत्रक, पूर्ण गाड्यांनिशी, गर्दीच्या वेळी चालवून बघा. बिघडलेली गाडी ओढून नेणे, एक उपकेंद्र बंद ठेवून चालवणे, मध्यावरच्या क्रॉसओव्हरवरून (दोन रुळांना जोडणाऱ्या तिरक्या रुळावरून) गाड्या परत फिरवणे, अग्निशमन दलाला फलाटापर्यंत पोचवणे, हे सगळे प्रत्यक्ष करा. ज्यांना रोज चालवायचे आहे त्या चालकांनाच या सरावात बसवा, उत्पादकाच्या तंत्रज्ञांना नव्हे.

बस मार्ग त्याच पहाटे बदलले पाहिजेत. जुनी बस समांतर धावत राहिली तर दोन्ही अर्ध्या रिकाम्या फिरतील. ती आधीच बंद केली तर लोक मधल्या काळात दुचाकी घेतील आणि परत येणार नाहीत. तिकीटही असे हवे की बसमधून उतरून गाडीत चढताना दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागणार नाहीत.

आणि शेवटचा थांबा बांधताना रूळ फलाटाच्या कडेला तोडू नका. आणखी दोन गाड्यांच्या लांबीएवढे रूळ आणि तार पुढे न्या, त्याखालच्या वाहिन्या आत्ताच बाजूला करा. खोदाईत प्रत्यक्ष जे सापडले आणि जे जिथे हलवले त्याचे खोलीसकट नकाशे नोंदवून परिवहन संस्थेच्या आणि प्रत्येक वाहिनीमालकाच्या दप्तरी जमा करा. पुढचा तुकडा आखणाऱ्यांचा टप्पा २ आणि टप्पा ५ तिथूनच सुरू होईल, आणि त्यांना चालू गाड्या थांबवाव्या लागणार नाहीत.